वाचकांचे प्रश्न : थंड हवेतील पिनो न्वार आणि एका कुटुंबाची बाग

द्राक्षशेती आणि वाइन यांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी या वेळी निवडलेली पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. अमेरिकेच्या वायव्य भागातील ऑरेगन राज्यात, विलॅमिट नदीच्या खोऱ्यात पिकणारी पिनो न्वार जातीची काळी द्राक्षे आणि तिथल्या घरगुती बागांतून तयार होणारी वाइन, हा तो विषय. उत्तरे देताना मी शक्यतो एकाच बागेचा आधार घेतला आहे. डंडी टेकड्यांवरील लेट कुटुंबाच्या ‘आयरी व्हिनयार्ड्स’पासून त्या खोऱ्यातील पिनोची सुरुवात झाली आणि आज त्या कुटुंबाची दुसरी पिढी तीच बाग सांभाळते आहे. थंड हवा, घरची शेती आणि चांगली पिनो यांचा परस्परसंबंध तिथे जितका स्पष्ट दिसतो तितका तो क्वचितच दिसतो.

प्रश्न : माझी मुलगी ऑरेगनमध्ये नोकरीला आहे. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत पिनो न्वारच्या बागा डोंगरउतारावर, ठिबकाशिवाय उभ्या दिसतात. आमच्याकडे शिराझ, काबर्ने, शेनिन ब्लां ही वाइनची द्राक्षे चांगली येतात आणि आमच्या तालुक्यात थंडीही कडाक्याची पडते. मग पिनो न्वार आमच्याकडे का रुजत नाही?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : निफाडची थंडी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते, तेव्हा आपला प्रश्न अगदी रास्त आहे. परंतु वाइनच्या द्राक्षांच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत कमी तापमान किती, याला फारसे महत्त्व नाही. मण्यात पाणी उतरल्यापासून, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागल्यापासून, काढणीपर्यंतच्या सहा-सात आठवड्यांत हवा कोणत्या दिशेने चालली आहे, उन्हाकडे की थंडीकडे, यावर जवळजवळ सर्व काही अवलंबून असते.

आपल्याकडचा क्रम आपण जाणताच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचा काड्यांना लेप (पेस्टिंग), आणि वाइनच्या जातींची काढणी साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. डिसेंबर-जानेवारीची थंडी येते तेव्हा मणी अजून लहान आणि कच्चे असतात, त्यामुळे ती थंडी आपल्या पदरात फुगवण थांबण्याखेरीज फारसे काही टाकत नाही. साखरेचा मोठा भाग भरतो तो थंडी ओसरू लागल्यावर, म्हणजे ऊन रोज चढत असताना. उष्णतेत मण्यातील मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडते, साखर वेगाने वाढते, आणि सुगंध पुरता तयार होण्याआधीच काढणी उरकावी लागते.

विलॅमिट खोऱ्यात याच्या नेमके उलट घडते. तिथे वेल हिवाळाभर खरोखरच निद्रिस्त असते, एप्रिलमध्ये फुटते, जूनच्या मध्याला फुलोरा येतो, ऑगस्टमध्ये मण्यात पाणी उतरते आणि काढणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. 45 अंश अक्षांशावर जूनमधला दिवस सुमारे साडेपंधरा तासांचा असतो, तर नाशिकला तो सव्वातेरा तासांच्या आसपास. त्यामुळे उन्हाळा मवाळ असूनही पानांना कामाला भरपूर वेळ मिळतो. पिकण्याचा काळ मात्र दिवस लहान होत जाण्याचा आणि रात्री गार होत जाण्याचा असतो. पश्चिमेच्या किनारी डोंगररांगेतील खिंडीतून संध्याकाळी प्रशांत महासागराचा गार वारा खोऱ्यात शिरतो आणि दिवसभराची उष्णता काढून नेतो. साखर हळूहळू चढते, आम्ल टिकून राहते आणि साल, बी व सुगंध यांना पक्व होण्यास अवधी मिळतो.

शिराझ किंवा काबर्ने उष्ण हवेत पिकली तरी त्यांच्या जाड सालीत रंग आणि तुरटपणा इतका असतो की वाइनला शरीर, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, उरते. पिनोची साल पातळ आणि तिचा सुगंध नाजूक, म्हणून घाईने पिकलेली पिनो शिजवलेल्या मुरंब्यासारखी लागते. शिवाय तिचा घड लहान आणि विलक्षण घट्ट असतो. एकमेकांना दाबून बसलेल्या मण्यांत एक मणी तडकला की कुजीचा प्रादुर्भाव आतल्या आत पसरतो, आणि विरळणी करून तो घड मोकळा करणे व्यवहारात परवडत नाही. ही जात आपल्या जिल्ह्यात मुळीच नाही असे मात्र नाही. दिंडोरी परिसरात स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या, वाइनच्या मिश्रणासाठी तिचा वापर झालेला आहे, आणि ते योग्यच आहे, कारण स्पार्कलिंगसाठी द्राक्षे साखर कमी व आम्ल जास्त असतानाच तोडतात. तिची उत्तम लाल वाइन आपल्या हवेत व्हावी अशी अपेक्षा धरून एकरभर बाग बदलू नये, असे मी आपल्याला स्पष्टपणे सांगेन.

प्रश्न : आम्ही राहतो तिथून डंडी टेकड्या तासाभराच्या अंतरावर आहेत आणि दर शरद ऋतूत मित्रमंडळींसह आम्ही तिथे जातो. आयरीच्या संस्थापकांविषयी तिथे फार आदराने बोलले जाते. पॅरिसमधल्या स्पर्धेत त्यांच्या वाइनने फ्रेंचांना हरवले, असे कुणी सांगतात, तर कुणी ती अतिशयोक्ती असल्याचे म्हणतात. खरे काय?
– एक वाचक, हिल्सबरो, ऑरेगन

उत्तर : खरे जे घडले ते दंतकथेइतकेच मोलाचे आहे, म्हणून ते क्रमाने सांगतो.

डेव्हिड लेट यांनी कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात द्राक्षशास्त्राचे शिक्षण घेतले. त्या काळी ऑरेगन हा प्रदेश वाइनच्या द्राक्षांसाठी फार थंड आणि फार ओला आहे, असे तिथल्या जाणकारांचे मत होते. लेट युरोपात हिंडून आले होते आणि त्यांचा विचार वेगळा होता. पिनो न्वार फ्रान्समधील बरगंडी प्रांतात उत्तम होते ती पिकण्याच्या अगदी कडेवर असलेल्या हवेत. तेव्हा अमेरिकेत तिच्यासाठी जागा शोधायची तर ती उबदार कॅलिफोर्नियात सापडणार नाही, जिथे द्राक्षे जेमतेम पिकतात अशा ठिकाणी ती शोधली पाहिजे. 1965 साली वेलींच्या सुमारे तीन हजार काड्या घेऊन ते ऑरेगनला आले आणि कॉर्व्हॅलिसजवळ त्यांनी त्या तात्पुरत्या रोपवाटिकेत लावल्या. पुढच्या वर्षी, 1966 मध्ये, नवविवाहित पत्नी डायना यांच्यासह त्यांनी डंडी टेकड्यांवर आलुबुखाराची एक जुनी, ओस पडलेली बाग घेतली. दक्षिणेकडे उतरणाऱ्या त्या सुमारे वीस एकरांवर दोघांनी हातांनी वेली लावल्या. बागेच्या कडेच्या फर वृक्षांवर लाल शेपटीच्या ससाण्यांचे घरटे होते, त्यावरून बागेचे नाव पडले; ‘आयरी’ म्हणजे शिकारी पक्ष्याचे घरटे. त्याच बागेत त्यांनी पिनो ग्री ही पांढऱ्या वाइनची जातही लावली. अमेरिकेतील तिची ती पहिली लागवड समजली जाते.

पहिली वाइन 1970 च्या हंगामाची. स्वतंत्र वाइनरी बांधण्याइतका पैसा नव्हता, म्हणून मॅकमिनव्हिल गावातील टर्की पक्ष्यांवर प्रक्रिया करण्याच्या एका जुन्या इमारतीत त्यांनी पिंपे मांडली. सुरुवातीच्या वर्षांत लेट पाठ्यपुस्तकांच्या विक्रीचे काम करून घर चालवत असत. नवी द्राक्षबाग लावलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पहिली तीन-चार वर्षे बाग फक्त घेते आणि घर दुसऱ्या कमाईवर चालते.

आता पॅरिसविषयी. 1979 मध्ये ‘गो-मियो’ या फ्रेंच मार्गदर्शिकेने पॅरिसमध्ये जगभरातील वाइनची तुलनात्मक चाचणी घेतली. तीत आयरीची 1975 ची ‘साउथ ब्लॉक रिझर्व्ह’ पिनो न्वार बरगंडीच्या नामवंत वाइनच्या पंक्तीत पहिल्या दहांमध्ये आली. ती पहिली आली नव्हती, आणि फ्रेंचांना ‘हरवले’ हा शब्दही योग्य नाही. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. बरगंडीतील प्रतिष्ठित वाइन उत्पादक रोबेर द्रुएं यांना तो निकाल पटला नाही, म्हणून 1980 च्या जानेवारीत बरगंडीतील बोन या गावी त्यांनी पुन्हा चाचणी भरवली आणि आपल्या संग्रहातील निवडक बरगंडी तिथे ठेवल्या. परीक्षकांना बाटल्यांची ओळख दिलेली नव्हती. पहिली आली ती द्रुएं यांची 1959 ची शांबोल-म्युझिन्यी आणि अगदी थोड्या गुणांनी दुसरी आली ती आयरीची तीच 1975 ची वाइन.

या निकालाचा खरा पुरावा मी गुणपत्रिकेत शोधत नाही. द्रुएं कुटुंबाने 1987 मध्ये डंडी टेकड्यांवर, आयरीपासून जवळच, जमीन विकत घेतली आणि रोबेर यांची कन्या व्हेरोनिक तिथे वाइन करू लागल्या. बरगंडीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले घराणे अटलांटिक ओलांडून ज्या टेकडीवर पैसा लावते, त्या टेकडीविषयी त्यांचे मत काय असेल ते सांगायला परीक्षक लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र आपल्या मित्रमंडळींना आवर्जून सांगावी, कारण ती चाचण्यांच्या कथेत झाकली जाते. ऑरेगनने 1973 मध्ये जमीनवापराचा कायदा केला आणि शेतीच्या जमिनीवर शहरे पसरण्याला मर्यादा घातली. त्या वेळी लेट दांपत्य आणि खोऱ्यातील इतर मोजक्या द्राक्ष बागायतदारांनी टेकड्यांचे उतार घरांसाठी न सोडता शेतीसाठी राखावेत म्हणून चिकाटीने पाठपुरावा केला. तेव्हा त्या उतारांना कुणी सुपीक समजत नव्हते, कारण गहू आणि भाजीपाला खाली सपाटीवर होत असे. आपण शरद ऋतूत ज्या उतारांवरून पिवळ्या-लाल झालेल्या बागा पाहता, ते उतार पोर्टलंड शहराच्या इतक्या जवळ असूनही आज मोकळे आहेत, यात त्या मोजक्या माणसांचा वाटा मोठा आहे. डेव्हिड लेट 2008 साली निवर्तले. त्यांचे पुत्र जेसन यांनी 2005 पासूनच वाइनची जबाबदारी हाती घेतली होती.

प्रश्न : तिथल्या जुन्या वेली खुंटावर कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, असे वाचले. आम्ही 1990 नंतर डॉगरिज खुंटाशिवाय बाग लावण्याचा विचारही केलेला नाही. स्वमुळावरच्या वेलीमुळे वाइन चांगली होते का? आणि पाण्याशिवाय त्या वेली जगतात कशा?
– एक शेतकरी, तासगाव, जि. सांगली

उत्तर : दोन्ही प्रश्नांची उत्तरे जमिनीत आहेत आणि ती जमीन आपल्याला वाटते तितकी परकी नाही. डंडी टेकड्यांवरची ‘जोरी’ नावाची तांबडी माती बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली आहे. आपला सह्याद्री आणि दख्खनचे पठारही बेसॉल्टचेच; दख्खनचे लाव्हाथर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, तर डंडी टेकड्यांचे सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचे. मूळ खडक एकाच जातीचा असला तरी पुढे हवामानाने दोन वेगळ्या माती घडवल्या. तिथे जंगलाखाली, दीर्घ पावसात क्षार वाहून गेले आणि लोहामुळे लाल झालेली, किंचित आम्लधर्मी, खोल आणि निचऱ्याची चिकणमाती उरली. आपल्या सपाटीवर चुनखडीयुक्त, फुगणारी आणि भेगाळणारी काळी माती झाली. जोरी मातीला ऑरेगनने 2011 मध्ये राज्याची माती म्हणून अधिकृत मान दिला, हे मला फार आवडते. ज्या राज्याला आपल्या मातीचे नाव घ्यावेसे वाटते, तिथे शेतीला काही किंमत आहे.

पाण्याचे गणित असे. त्या खोऱ्यात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक ऑक्टोबर ते मे या काळात; जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. हिवाळ्याचे पाणी ही खोल माती धरून ठेवते आणि वेलीची मुळे उन्हाळ्यात ते खालून ओढतात. आयरीत सिंचन करत नाहीत. पाणी वरून मिळत नसल्यामुळे मुळे खोल जातात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वेलीची शेंडावाढ आपोआप थांबून ताकद घडाकडे वळते. आपल्याकडे ज्यासाठी शेंडा खुडावा लागतो आणि पाणी तोडावे लागते, ते काम तिथे ऋतू करतो. आपल्याकडे द्राक्षे ज्या महिन्यांत वाढतात त्या महिन्यांत पाऊस नसतो आणि बाष्पीभवन मोठे असते, म्हणून ही पद्धत तासगावात उचलून आणता येणार नाही.

खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर हव्या त्या जातीचे कलम करतात ती वेल; त्याबाबत तिथली आणि आपली कारणे वेगळी आहेत, हे ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रात डॉगरिज आला तो प्रामुख्याने पाण्याची टंचाई आणि जमीन व पाण्यातील क्षार यांवर उपाय म्हणून. युरोप-अमेरिकेत खुंट वापरतात तो मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा या किडीमुळे. ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पोहोचली आणि तिने तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या. विलॅमिट खोऱ्यात ही कीड 1990 मध्ये आढळली. त्यानंतर तिथे नव्या बागा कलमी वेलींच्याच लागू लागल्या आणि पुष्कळ जुन्या बागा काढून पुन्हा लावल्या गेल्या. आयरीच्या मूळ वेली आधीच्या असल्यामुळे त्या स्वमुळावर आहेत. जेसन लेट यांचा भर जमीन न नांगरता, तिच्यातील जीवसृष्टी जपून त्या वेलींना शक्य तितके आयुष्य देण्यावर आहे.

स्वमुळामुळेच वाइन चांगली होते, असे मी म्हणणार नाही. बरगंडीतील जवळजवळ सर्व उत्कृष्ट वाइन कलमी वेलींच्याच आहेत. महत्त्व आहे ते वेलीच्या वयाला. जुनी वेल कमी घड देते, तिची मुळे खोल असल्याने कोरड्या आणि ओल्या वर्षांतला फरक ती सौम्य करते, आणि तिची द्राक्षे वर्षागणिक अधिक समतोल येतात. पन्नास-साठ वर्षांची वेल राखायची तर उत्पादन घसरले तरी ती न काढण्याचा निर्णय कुणीतरी दरवर्षी घ्यावा लागतो. कंपनीच्या ताळेबंदात हा निर्णय बसवणे कठीण जाते. आपली वेल म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्या घरात तो सहज घेतला जातो.

प्रश्न : नातेवाइकांनी ऑरेगनची पिनो न्वार भेट दिली. पेल्यात ओतल्यावर ती इतकी फिकट निघाली की पलीकडचे बोट दिसत होते. आम्हाला नेहमीची लाल वाइन दाट, जांभळट दिसते. ही वाइन पाणचट किंवा भेसळीची तर नसेल?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : नाही. फिकट, माणकासारखा पारदर्शक लाल रंग हे पिनोचे स्वाभाविक रूप आहे. काळ्या द्राक्षांच्या रसाला रंग नसतो. तो सालीतून येतो, आणि पिनोच्या सालीत रंगद्रव्ये मुळातच कमी असतात. शिवाय इतर बहुतेक काळ्या जातींच्या सालीत रंगाला टिकाऊपणा देणारी जी अँथोसायनिन या रंगद्रव्याची ॲसिलयुक्त रूपे असतात, ती पिनोमध्ये नसतात, त्यामुळे वयाबरोबर तिचा रंग लवकर विटकरी छटेकडे झुकतो. उलट, एखादी पिनो गर्द काळी-जांभळी दिसली तर मला शंका येते की तिच्यात दुसऱ्या जातीची वाइन मिसळली असावी. ऑरेगनच्या नियमांनुसार बाटलीवर पिनो न्वार लिहायचे असेल तर आत किमान 90 टक्के त्याच जातीची द्राक्षे असावी लागतात. अमेरिकेचा सर्वसाधारण नियम 75 टक्क्यांचा आहे. ही कडक अटही त्या खोऱ्यातील पहिल्या पिढीच्या बागायतदारांनीच मागून घेतली होती.

रंगावरून वजनाचा अंदाज बांधू नये. पेला नाकाशी धरून थोडा वेळ थांबावे. थंड हवेतील तरुण पिनोत चेरी, डाळिंब आणि रासबेरीचा आंबटगोड वास प्रथम येतो. दहाएक मिनिटांनी त्यामागून ओल्या पानगळीचा, अळंबीचा, कधी वाळलेल्या गुलाबपाकळ्यांचा वास उमटू लागतो. जिभेवर ती हलकी वाटते, पण गिळल्यानंतर आम्ल आणि बारीक, रेशमी तुरटपणा बराच वेळ रेंगाळतो. हे रेंगाळणे हाच तिचा दर्जा. आयरीच्या वाइनमध्ये नव्या ओकच्या पिंपांचा वापर अगदी थोडा असतो आणि जुनी, वास उरलेला नसलेली पिंपे पुन्हा पुन्हा वापरली जातात, म्हणून व्हॅनिला किंवा भाजलेल्या लाकडाचा ठसठशीत वास तिच्यात शोधू नये.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी तिकडे जंगलांना लागलेल्या वणव्यांच्या आणि भयंकर उष्णतेच्या बातम्या वाचल्या. अशा स्थितीत तिथल्या हवेला ‘थंड’ म्हणणे अजूनही बरोबर आहे का?
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : म्हणता येते, पण पूर्वीइतक्या निश्चिंतपणे नाही. 2020 च्या सप्टेंबरात, ऐन काढणीच्या तोंडावर, ऑरेगनमध्ये मोठे वणवे लागले आणि खोऱ्यावर कित्येक दिवस धूर साचून राहिला. धुरातील ग्वायाकोलसारखी द्रव्ये सालीतून आत शिरतात, मण्यातील साखरेला बांधली जातात आणि आंबवताना किंवा पुढे बाटलीत मोकळी होऊन राखेची चव देतात. पांढरी वाइन करताना साल बाजूला काढतात, म्हणून तिचा निभाव लागतो. लाल वाइन सालीवरच आंबवावी लागते. त्या वर्षी अनेक वाइनरींनी पिनो न्वार अजिबात केली नाही किंवा तिच्यापासून फिकी गुलाबी, पांढरी वाइन केली. वर्षभराचे पीक हातचे जाऊ द्यायचे, पण आपल्या नावाची खराब बाटली बाजारात जाऊ द्यायची नाही, हा निर्णय छोट्या घरांना किती जड गेला असेल, हे अवकाळीत बाग गमावलेला आपल्याकडचा बागायतदार समजू शकेल.

दुसऱ्याच वर्षी, 28 जून 2021 रोजी, पोर्टलंडचे तापमान 46.7 अंश सेल्सिअसवर गेले. सुदैवाने तेव्हा मणी नुकतेच धरत होते, त्यामुळे फार नुकसान झाले नाही. हीच लाट ऑगस्टमध्ये आली असती तर घड भाजून निघाले असते. आणि एप्रिल 2022 मध्ये, डोळे फुटल्यानंतर, कडाक्याचे दहिवर पडून कोवळे कोंब गेले. पिनो लवकर फुटणारी जात असल्यामुळे हा धोका तिला अधिक असतो.

म्हणजे सरासरी थोडी वाढली, इतकेच घडलेले नाही. ऋतूंचा भरवसा कमी झाला आहे. 1960 च्या दशकात पिनो तिथे पिकेल की नाही ही चिंता होती, आज ती लवकर पिकू नये ही चिंता आहे. काही जण टेकडीवर अधिक उंच बागा लावत आहेत. काही जण उत्तरेकडच्या उतारांचा विचार करत आहेत, जे पूर्वी कुणी फुकटही घेतले नसते. आयरीने ट्रूसो ही पूर्व फ्रान्समधील जात लावून पाहिली आहे. माझ्या मते पुढील वीस वर्षे ते खोरे पिनोला साजेसे राहील, पण चांगली वर्षे आणि वाईट वर्षे यांतले अंतर वाढत जाईल. त्यामुळे बाटली घेताना बागेइतकेच वर्षाकडेही लक्ष द्यावे.

प्रश्न : अशा बागेची एक बाटली इतकी महाग का? कुटुंबाच्या नावावर जास्त पैसे आकारले जातात असे वाटते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काही ठिकाणी तसे होतही असेल, पण गणित सरळ आहे. चांगल्या दर्जाच्या पिनोसाठी त्या खोऱ्यात एकरी दोन-अडीच टनांवर उत्पादन घेत नाहीत आणि एक टन द्राक्षांतून सुमारे सातशे बाटल्या निघतात. काढणी बहुधा हातांनी होते, पिंपात वर्षभर वाइन अडकून पडते आणि बाटलीतही काही काळ राखावी लागते. भारतात तीच बाटली घ्यायची तर आयात शुल्क जोडले जाते, जे बराच काळ 150 टक्के राहिले, आणि वर राज्याचा अबकारी कर. म्हणून तिकडून येणाऱ्या नातेवाइकांकडून एक-दोन बाटल्या मागवणेच बरे. प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंतचे मद्य शुल्काशिवाय आणता येते. बाटल्या हातातल्या सामानात चालत नाहीत, त्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवाव्यात.

प्रश्न : मुलाने आणलेली अशी एक बाटली घरी आहे. ती कशी ठेवावी, केव्हा उघडावी आणि आपल्या जेवणात कशाबरोबर घ्यावी? आमच्याकडे रविवारी तांबडा-पांढरा असतो.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तांबड्या रश्श्याबरोबर ती कृपया उघडू नका. तिखटामुळे जीभ पोळलेली असताना अल्कोहोल अधिक जाळते आणि पिनोचा सगळा नाजूकपणा वाया जातो. पांढरा रस्सा चालेल, कारण त्यात मिरचीचा मारा नसतो आणि नारळ-खसखशीच्या स्निग्धतेला तिचे आम्ल छान छेद देते. त्याहूनही उत्तम म्हणजे तिच्या अंगच्या वासांशी जुळणारे पदार्थ : लोण्यावर परतलेली अळंबी, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे कमी तिखटाचे भरीत, मिरे आणि लसूण लावून भाजलेली कोंबडी, सुक्या खोबऱ्याच्या हलक्या वाटणातले मटण. शाकाहारी घरात मसूर किंवा काळ्या वाटाण्याची उसळ, गरम मसाला बेताचा ठेवून, तिच्याबरोबर चांगली लागते. गोड पदार्थ टाळावेत. श्रीखंडानंतर ही वाइन आंबट आणि रिकामी वाटेल.

ठेवण्याबाबत म्हणाल तर कपाटाच्या वरच्या खणात आणि ओट्याजवळ ठेवू नये. वाइनला 12-14 अंशांची स्थिर, अंधारी जागा लागते आणि आपल्या घरांत मार्च ते जून ती कुठेच नसते. वाइनसाठीचे खास कपाट नसेल तर बाटली कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवणे हा काही महिन्यांपुरता चांगला उपाय आहे. वर्षानुवर्षे तशी ठेवू नये, कारण फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच आकसते. थंड हवेची चांगली पिनो योग्य जागी दहा-पंधरा वर्षे सुधारत जाते, परंतु आपल्याकडील उन्हाळ्यात एखादी बाटली राखून ठेवण्यापेक्षा या हिवाळ्यात ती उघडणे शहाणपणाचे.

उघडण्याआधी फ्रिजमधून सुमारे तासभर बाहेर काढावी, म्हणजे ती 14-15 अंशांवर येईल. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम थंड देशांतल्या खोल्यांचा आहे; कोल्हापुरात 30 अंशांवर ओतलेल्या पिनोतून अल्कोहोलशिवाय कसलाच वास येणार नाही. पेला पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता घ्यावा आणि एक तृतीयांशाहून अधिक भरू नये. जुनी बाटली असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, कारण तळाशी गाळ साचलेला असतो, आणि ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच सोडावा. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक राहते, तिसऱ्या दिवशी तिचा सुगंध ओसरलेला असतो.